टेबलाच्या पायाखालचा ‘लेट’

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. खरं बोलायचं तर अख्खा शब्दकोशही नाही, त्याचा एक खंड. आम्ही दहा भाऊ होतो आणि माझ्या वाट्याला ‘एल’ हे अक्षर आलं होतं. जुना म्हटल्याबरोबर तुमचे चेहरे पडले असतील. ‘अरेरे, बिचारा,’ असंही कुणीतरी पुटपुटलं असेल. तर आधीच सांगून ठेवतो, मला बिचारा म्हणायचं नाही. माझा कणा उसवलाय, कोपरे झिजलेत, काही पानं कसरीने खाल्लीत. पण माझ्यातला एकही अर्थ खोटा नाही. हे मी कुणाहीसमोर छाती ठोकून सांगेन, आणि एकदा सांगितलंही आहे. तीच गोष्ट आज तुम्हाला ऐकवायची आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. पण त्याआधी कितीतरी वर्षं मी चिठ्ठ्यांच्या रूपाने हिंडत होतो. मला तयार करणाऱ्या मंडळींनी लोकांना विनंती केली होती, की घरातली जुनी पुस्तकं वाचा, आणि एखादा शब्द वेगळ्या अर्थाने वापरलेला दिसला तर ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवा. मग काय विचारता! शाळामास्तरांनी चिठ्ठ्या पाठवल्या, घरी बसलेल्या खलाशांनी पाठवल्या. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंनी तर उशाशी दौत ठेवून शेकड्यांनी पाठवल्या. जुनी नाटकं, प्रवचनं, जहाजांच्या रोजनिश्या, भावाने बहिणीला लिहिलेली पत्रं, सगळ्यांतली वाक्यं माझ्या पोटात आली. त्यामुळे माझी एक रीत पडली. मी पदरचं काही सांगत नाही. अर्थ सांगितला, की लगेच साक्षीदार उभा करतो. हा माणूस चारशे वर्षांपूर्वी असं लिहून गेलाय, हा तीनशे वर्षांपूर्वी. पटत नसेल तर त्याचं पुस्तक काढा आणि बघा.

नंतरच्या काळातले ते खिशात मावणारे कोश मला म्हणूनच कधी आवडले नाहीत. एका शब्दापुढे एक अर्थ, की झाले मोकळे. अरे, शब्दाला काय एकच जन्म असतो? माझ्याकडे या. ‘लॉर्ड’ म्हणजे आज बडा उमराव, पण मुळात तो घरातला पाव राखणारा माणूस. ‘लेडी’ म्हणजे पावाचं पीठ मळणारी बाई. हाताला पीठ लागलेली ही दोघं पुढे महालात जाऊन बसली आणि पीठ झटकून मोकळी झाली. मी मात्र ते विसरत नाही, आणि कुणाला विसरूही देत नाही.

आम्हा दहा भावांना एका डॉक्टरांनी विकत घेतलं. गावात नवं हॉस्पिटल निघालं होतं आणि हे तिथले पहिले डॉक्टर. पुढच्या दरवाज्यातून आत शिरलं की डाव्या हाताला एक लांबट खोली होती. तिथे त्यांनी वाचनालय थाटलं आणि आम्हाला काचेच्या कपाटात ओळीने उभं केलं. या डॉक्टरांना जुन्या शब्दांचं भारी वेड. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यात ‘लीच’ हा शब्द काढला. आज त्याचा अर्थ जळू. पण पूर्वी इंग्रजीत वैद्याला ‘लीच’ म्हणत, आणि माझ्याकडे त्याचे चांगले सात साक्षीदार आहेत. डॉक्टर पोट धरून हसले. मग महिनाभर ते नव्या माणसाला स्वतःची ओळख ‘इथली मोठी जळू’ अशीच करून देत होते.

माझे ते दिवस सुखाचे होते. डॉक्टर रोज हात पुसून यायचे, मला दोन्ही हातांनी उचलायचे आणि सावकाश पानं उलटायचे. आवडत्या शब्दापाशी शिसपेन्सिलीने समासात बारीकशी खूण करायचे. पुस्तकावर लिहू नये असं तुम्हाला शिकवलं असेल. शिकवणाऱ्यांचं बरोबरच आहे. पण त्या शिसपेन्सिलीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

मग गावात साथ आली. घराघरात माणसं दगावू लागली. हॉस्पिटलात बाळंतिणींचा वॉर्ड होता, आत एकवीस बायका आणि त्यांची तान्ही बाळं. त्या वॉर्डाच्या नर्सला सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. आवाज मोठा, म्हणून मोठ्या बाई. वय काही फार नव्हतं. त्यांनी काय केलं असेल? पुढच्या दरवाज्यात एक स्टूल टाकलं आणि त्यावर ठाण मांडलं. शेजारी साबण, पाण्याची बादली आणि धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा. हात धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. अंगात कणकण असेल त्याला मुळीच नाही. एक बडे अधिकारी आले, त्यांना परत पाठवलं. डॉक्टरांचा सख्खा भाऊ खोकत आला, त्यालाही.

‘‘अहो, मी डॉक्टरांचा भाऊ!’’

‘‘मग डॉक्टरांना माझा निरोप सांगा, तुमच्या भावाला मी हाकललं म्हणून. चला, निघा.’’

ते मी माझ्या कपाटातून ऐकलं. साथ सरेपर्यंत मोठ्या बाई त्या स्टुलावरून हलल्या नाहीत. बाहेर गावात हाहाकार झाला, पण त्या वॉर्डात एक बाई दगावली नाही की एक बाळ.

डॉक्टरांच्या मनात आलं, दाराशी या बाईच्या नावाने दगड बसवायचा. आणि मित्रांनो, इथेच घोळ झाला. माझ्या पोटात ‘लेट’ नावाचे दोन शब्द आहेत. स्पेलिंग एकच, उच्चार एकच. गाडी लेट झाली म्हणता तो यातला नव्हे, त्यात ‘ए’ येतो. माझ्या या दोघांत ‘ई’. पहिला ‘लेट’ म्हणजे येऊ देणे, जाऊ देणे. तो तुम्ही शाळेत शिकता. दुसरा ‘लेट’ म्हणजे बरोबर त्याच्या उलट: अडवणे, रोखणे. दोघांची घराणी वेगळी, पण बोलता बोलता माणसांनी त्यांचे चेहरे सारखे करून टाकले. डॉक्टरांनी दुसरा निवडला. दगडावर इंग्रजीत ओळ घातली, ‘शी लेट डेथ ॲट धिस डोअर’. हिने मृत्यूला या दारात अडवलं. माझ्या समासात त्यांनी शिसपेन्सिलीने लिहिलं, ‘दगडासाठी हाच शब्द. बाईंनी मृत्यूला दारातच अडवलं.’ खाली तारीख आणि सही.

दगड खोदणाऱ्या गवंड्याला जेमतेम इंग्रजी यायचं. तो कागद घेऊन आत आला आणि डोकं खाजवत म्हणाला, ‘‘साहेब, इथे ‘इन’ राहिला का?’’

‘‘नाही हो,’’ डॉक्टर हसून म्हणाले. ‘‘तीच तर गंमत आहे!’’

कसली गंमत आणि कसलं काय. ‘स्टॉप’ हा साधा, सरळ शब्द होता की. एस अक्षराच्या खंडात, माझ्या धाकट्या भावाच्या पोटात. तो कुणालाही कळला असता. पण डॉक्टरांना विद्वत्ता मिरवायची होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही मिरवायचं होतं. माझा शब्द दगडावर चढणार म्हणून मी कपाटात फुलून बसलो होतो. वाचणाऱ्याला काय कळेल याचा विचार ना त्यांनी केला ना मी. ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक, आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

मोठ्या बाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. दरवाज्याशेजारी खांद्याच्या उंचीवर तो दगड बसवला होता. येता-जाता त्या पदराने तो पुसायच्या. पुढे डॉक्टर गेले. काही वर्षांनी, मुलगी लहान असतानाच, बाईही गेल्या, आणि साथ पाहिलेली माणसं पांगली. आणि त्यांच्यानंतर एक दिवस कुण्या शहाण्याने दारात उभं राहून ओळ मोठ्याने वाचली, आणि सोबतच्याला अर्थ सांगितला, ‘‘लेट म्हणजे येऊ देणे. खोदणारा ‘इन’ विसरलेला दिसतो. म्हणजे हिने मृत्यूला या दारातून आत घेतलं.’’

झालं. त्या एका ‘इन’वर लोकांनी गोष्ट रचली. म्हणे, बाईंचा दारातच डोळा लागला आणि एक आजारी माणूस आत शिरला. म्हणे, पाच बाळंतिणी गेल्या. काही वर्षांनी पाचाच्या अकरा झाल्या, मग अठरा. मेलेल्यांतल्या एकीचंही नाव कुणाला सांगता येईना, पण आकडा प्रत्येकाला पाठ. आणि ज्या बाईने दार धरून ठेवलं, तिला गावाने नाव ठेवलं ‘दारउघडी’.

त्या बाईंची मुलगी याच हॉस्पिटलात नर्स झाली. ‘दारउघडीची पोरगी आली, खिडक्या लावून घ्या,’ अशी कुजबूज तिने पहिल्याच दिवशी ऐकली. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या दाराने यायला लागली, धुण्याच्या गाड्या जातात त्या उतारावरून. तिची मुलगीही नर्स झाली. तिने बत्तीस वर्षं नोकरी केली आणि बत्तीस वर्षांत एकदाही पुढच्या दरवाज्यातून पाऊल टाकलं नाही. मग तिची मुलगी आली. या चौथ्या पिढीतल्या मुलीला सगळे नुसतं ‘सिस्टर’ म्हणतात. तीही मागूनच यायची.

आणि मी कुठे होतो? दगडापासून वीस पावलांवर! खरा अर्थ माझ्या पोटात, डॉक्टरांच्या सहीनिशी. कपाट उघडा, मला काढा, पान उलटा, एवढंच काम होतं. पण कपाटाची किल्ली हरवली आणि ती शोधण्याची कुणालाच गरज वाटली नाही. मला बोलता येत नाही याचं दुःख मला तोवर कधी झालं नव्हतं. तेव्हा झालं.

पुढे वाचनालयाची झाली स्टाफरूम. खुर्च्या आल्या, चहाचं मशीन आलं, एक टेबल टेनिसचं टेबल आलं. आमच्या कपाटाचं कुलूप एकदाचं तोडलं, ते वाचायला नव्हे, रिकामं करायला. माझे नऊ भाऊ माझ्या डोळ्यांदेखत पोत्यात गेले. लॉर्ड आणि लेडीचे किती शेजारी, किती पाहुणे, किती साक्षीदार, सगळे रद्दीत. मलाही उचललं होतं. एवढ्यात कुणीतरी ओरडलं, ‘‘थांबा थांबा, तो जाडा इकडे द्या!’’ टेबलाच्या एका पायाचं चाक तुटलेलं होतं. तो पाय चार बोटं आखूड पडत होता आणि मी बरोबर चार बोटं जाड होतो.

असा मी वाचलो. मराठीत हा शब्द मोठा मजेशीर आहे बरं का. जीवही वाचतो आणि पुस्तकही वाचतात. माझा जीव तेवढा वाचला. मला वाचलं मात्र कुणीच नाही.

टेबलाखाली मी किती वर्षं काढली ते मोजलं नाही. पाठीवर लोखंडी पाय, अंगावर चहाचे ओघळ, झाडू आला की कण्यावर एक तडाखा. पण रडलो नाही हं मी. मला राग येत होता. आणि त्या रागाला रोज दुपारी कुणीतरी फुंकर घालायचं. जेवणाच्या सुट्टीत वरती खेळ सुरू व्हायचा. सर्व्हिस करताना चेंडू जाळीला घासून पलीकडे पडला की खेळाडू ओरडायचे, ‘‘लेट!’’ म्हणजे जाळीने अडवलं, पॉइंट नाही, पुन्हा करा. मित्रांनो, हा तोच! माझा दुसरा ‘लेट’, अडवणारा! जो मेला म्हणून सगळ्यांनी मान्य केलं होतं, तो दिवसातून दहा वेळा माझ्या डोक्यावर जिवंत ओरडत होता. आणि तिथून वीस पावलांवर त्याच शब्दापायी एका घरातल्या बायका तोंड लपवून मागच्या दाराने जात होत्या.

या टेबलावरची ठरलेली जोडी म्हणजे सिस्टर आणि हेडक्लार्क भाऊसाहेब. भाऊसाहेब निवृत्तीला आलेले, पोट सुटलेलं, पण सर्व्हिस अशी फिरवायचे की समोरचा चकायचा. जिभेलाही धार तशीच. एका बुधवारी खेळता खेळता ते म्हणाले, ‘‘सिस्टर, तुमच्या अर्जाची ऑर्डर निघाली बरं का. उद्या दहाला गवंडी येतोय. दगड फोडून टाकणार.’’

मी टेबलाखाली गारच पडलो. अर्ज सिस्टरचा होता.

‘‘बरं झालं,’’ सिस्टर म्हणाली. ‘‘सोमवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मागचा उतार उद्यापासून बांधकामासाठी बंद होतोय. पुढच्या दरवाज्यातून ती मेली तरी येणार नाही. म्हणते, आंधळी होईन, पण त्या दगडापुढून जाणार नाही.’’

‘‘मनावर घेतलंय त्यांनी.’’

‘‘का नाही घेणार? भाऊसाहेब, तिच्या आजीने माणसं मारली असं दारावर खोदून ठेवलंय. तुमच्या आजीचं खोदलं असतं तर? पुरे झालं आता. फुटू दे एकदाचा.’’

चेंडू वाजत होता, टक टक. आणि माझा जीव कासावीस झाला होता. ज्या बाईने एकवीस बाळंतिणी राखल्या तिचा दगड तिचीच पणती फोडायला निघाली होती, आणि तेही आईच्या मायेपोटी. उद्या दहाला दगड फुटला, की खरं काय होतं ते सांगणारं काही उरणार नव्हतं. उरणार होतं फक्त ‘दारउघडी’. मी मनातल्या मनात किंचाळत होतो, अगं, खाली बघ! पायाखाली बघ!

भाऊसाहेबांनी सर्व्हिस केली. चेंडू जाळीला घासला आणि सिस्टरच्या बाजूला टपकन पडला.

‘‘लेट!’’ भाऊसाहेब ओरडले.

सिस्टर आधीच वैतागलेली. ‘‘कसला लेट? वेळेवर तर आलाय चेंडू.’’

‘‘अहो, तो लेट नव्हे. हा ‘ई’वाला.’’

‘‘हो, ‘ई’वाला म्हणजे येऊ देणे. दगडावरचाच ना? मग जाळीने येऊ दिला, तर पॉइंट द्या मला.’’

‘‘वा गं वा! जाळीने येऊ कुठे दिला? जाळीने अडवला. अडवला म्हणूनच तर लेट.’’ एवढं बोलून भाऊसाहेब थांबले. सिस्टरही थांबली. चेंडू टेबलावरून खाली पडला आणि उड्या मारत खुर्च्यांखाली गेला. तो कुणी उचलला नाही.

‘‘भाऊसाहेब,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘अडवला, म्हणून लेट?’’

‘‘चाळीस वर्षं ओरडतोय मी. कधी विचारच केला नाही.’’

सिस्टरने मोबाइल काढला. त्यात चार्जिंग नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या यंत्राला मनापासून आशीर्वाद दिला. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, ‘‘इथे पूर्वी डिक्शनरी होती ना मोठी?’’

‘‘होती. रद्दीत गेली. एक तेवढी त्या...’’ आणि भाऊसाहेबांनी खाली बोट दाखवलं.

दोघांनी टेबल उचललं. मला बाहेर ओढलं तेव्हा टेबल एका बाजूला कलंडलं आणि त्यावरचा चहाचा कप फुटला. त्याचं कुणाला काही नव्हतं. सिस्टरने युनिफॉर्मच्या बाहीने माझ्या पाठीवरची धूळ पुसली. किती वर्षांनी माणसाचा हात लागला! मला सांगायला लाज वाटते, पण मी गहिवरलो. ‘लेट’चं पान काढलं, तर पहिल्या ‘लेट’चे निम्मे साक्षीदार कसरीने खाल्लेले. भाऊसाहेबांच्या तोंडून ‘च्’ निघालं. पान उलटलं. दुसरा ‘लेट’ सहीसलामत होता. कसरीलासुद्धा कळतं कुणाच्या वाटेला जाऊ नये ते!

‘‘टु हिंडर,’’ सिस्टर वाचू लागली. ‘‘अडवणे, रोखणे. हे बघा, खाली वाक्यंपण दिलीत. कुण्या जहाजाच्या कप्तानाने लिहिलंय, बर्फाने आम्हाला तीन आठवडे लेट केलं.’’

‘‘उशीर केला?’’

‘‘भाऊसाहेब!’’

‘‘नाही नाही, कळलं. अडवलं. बर्फ काय ‘या, बसा’ म्हणणार होतं?’’ आणि मग त्यांचा आवाज बदलला. ‘‘सिस्टर, समासात बघा. शिसपेन्सिलीने काय लिहिलंय?’’

तिने वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. ‘दगडासाठी हाच शब्द. बाईंनी मृत्यूला दारातच अडवलं.’ मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि मला मांडीवर घेऊन हमसाहमशी रडली. माझं ते पान ओलं झालं. होऊ दे, म्हटलं. त्या पानाचा तेवढा हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी दहाला गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन दारात हजर. सुपरिंटेंडंट मॅडमही आल्या. सिस्टर मला छातीशी धरून दगडासमोर उभी राहिली. अगदी तिथेच, जिथे स्टूल असायचं.

‘‘मॅडम, दगड फोडायचा नाही.’’

‘‘अहो, अर्ज तुमचाच ना? ऑर्डर काढलीय मी. आता हे काय नवीन?’’

सिस्टरने मला उघडून दाखवलं. मॅडमनी शांतपणे वाचलं. माणूस वाईट नव्हतं ते, फक्त घाईतलं होतं. त्यांनी फोनमध्येही शोधलं आणि मान हलवली. ‘‘अर्थ आहे खरा. पण शेवटी दिलाय, आणि पुढे लिहिलंय, जुना, वापरात नाही. लोक काय जुना अर्थ बघायला जाणारेत? ते त्यांना येतं तेच वाचणार.’’

वापरात नाही! माझा नुसता तिळपापड झाला. पण माझ्याआधी भाऊसाहेबच उसळले.

‘‘वापरात कसा नाही? मी वापरतो ना रोज दुपारी दीड वाजता! या, सर्व्हिस टाकून दाखवतो. आणि मॅडम, जुन्या अर्थाचं म्हणाल तर परवा आपण वर पत्र लिहिलं, ‘हा निर्णय माझ्या अपरोक्ष झाला.’ अपरोक्ष म्हणजे मुळात डोळ्यांसमोर. आज आपण म्हणतो पाठीमागे. जुन्या काळचा माणूस ते पत्र वाचेल तर म्हणेल, बाई समोर बसून होत्या आणि वर तक्रार करतायत. मग तुमचं पत्र फाडायचं का?’’

मॅडमना हसू आवरेना. सिस्टर मात्र हसली नाही. ‘‘मॅडम, माझ्या पणजीने या दारात कुणाला हूं की चूं करू दिलं नाही. लोकांना एक शब्द वाचता आला नाही, त्याची शिक्षा आम्ही तीन पिढ्या भोगली. आता त्यांना येत नाही म्हणून दगडपण आम्हीच फोडायचा? मी हलणार नाही इथून. काय करायचं ते करा.’’

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग गवंड्याला म्हणाल्या, ‘‘दगडाला धक्का लावू नका. खाली जागा आहे ना? तिथे मराठीत एक ओळ खोदा. सिस्टर सांगतील ती.’’

गवंडी इतका वेळ दगड न्याहाळत होता. तो म्हणाला, ‘‘खोदतो. पण वरच्या ओळीत ‘इन’ राहिलाय का हो?’’

‘‘नाही!’’ सिस्टर आणि भाऊसाहेब एकदम ओरडले. त्याने दचकून छिन्नीच खाली टाकली.

सोमवारी सिस्टरची आई आली. लेकीने घरी सगळं सांगितलं होतं, पण तिचा विश्वास बसत नव्हता. आयुष्यभर एक ऐकलेलं एका दिवसात कसं पुसणार? ती दरवाज्याच्या चार पायऱ्या चढली आणि दगडापाशी थबकली. डोळ्यांवर पडदा आलेला, अक्षरं दिसत नव्हती. मग तिने हात वर केला आणि नवी ओळ बोटांनी चाचपत वाचली. ‘हिने मृत्यूला या दारात अडवलं.’ ‘अडवलं’वर तिची बोटं कितीतरी वेळ फिरत राहिली. मागे माणसं खोळंबली, पण कुणी ‘चला’ म्हणालं नाही.

तिने पदराने दगड पुसला. मग दाराकडे तोंड करून, कुणी खरंच स्टूल टाकून तिथे बसलंय अशी, ती म्हणाली, ‘‘आजी, सरक जरा. मी तुझी नात आहे. हात धुऊन आलेय. मला आत येऊ दे.’’

आणि ती पुढच्या दरवाज्यातून आत आली.

मित्रांनो, त्यानंतर लोकांना माझा पुळका आला. मला काचेच्या पेटीत ठेवायचं, कुलूप लावायचं, खाली पाटी लावायची, ‘हात लावू नये’, असं घाटत होतं. सिस्टरने सगळ्यांना ठणकावलं, ‘‘कुलपातच तर होता इतकी वर्षं, काय झालं त्याने?’’ तेव्हा आता मी दगडासमोरच्या लाकडी टेबलावर उघडा असतो. टेबल टेनिसच्या पायाखाली वीट लावली आहे. सिस्टर रोज पुढून येते, आणि भाऊसाहेब हल्ली ‘लेट’ जरा जास्तच जोरात ओरडतात.

तुम्ही कधी आलात तर मला बघून हळहळू नका. मी म्हातारा असेन, पण हरलेला नाही. माझे नऊ भाऊ गेले. त्यांच्या पोटात आणखी कुणाकुणाचं खरं होतं ते आता कधीच कळायचं नाही. म्हणून सांगतो, एखादी जुनी गोष्ट चुकीची वाटली, तर फोडण्याआधी, फेकण्याआधी एकदा विचारा. चूक तिची आहे, की वाचणाऱ्याची? आणि माझ्यापाशी येताना हात धुऊन या. मोठ्या बाईंचा नियम आहे तो, तो मीही पाळतो. बाकी काही नको. काच नको, कुलूप नको, दया तर मुळीच नको. मला वाचवू नका. मला वाचा.